यादवीचे दोन सेनापती : ली आणि ग्रँट

सन १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईच्या कापूस-बाजारात पैशाचा जो पूर आला, त्याच्या गोष्टी आजही आवडीने सांगितल्या जातात. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेच्या दक्षिण भागातून जाणारा कापूस युद्धामुळे अडला, त्याची जागा हिंदुस्थानच्या कापसाने घेतली, आणि रातोरात माणसे लक्षाधीश झाली. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. मग १८६५ च्या उन्हाळ्यात युद्ध संपल्याची बातमी मुंबईस येऊन थडकली. कापसाचा भाव कोसळला, आणि जुलै महिन्यात कालच्या लक्षाधीशांवर दिवाळे काढण्याची पाळी आली.

ज्या बातमीने मुंबईत एवढा हाहाकार उडाला, ती मुळात काय होती? व्हर्जिनिया राज्यातील ॲपोमॅटॉक्स कोर्टहाउस नावाच्या एका लहानशा खेड्यात, ९ एप्रिल १८६५ रोजी, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली हा उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट याला शरण गेला होता. या दोन पुरुषांविषयी आज विचार करावयाचा आहे. दोघांपैकी मोठा सेनापती कोण, हा वाद गेली दीडशे वर्षे चालू आहे. तो वाद मिटविण्याचा माझा हेतू नाही. सेनापतीचे मोठेपण कोठे शोधावे आणि कशाने मोजावे, हा प्रश्न मात्र या दोघांच्या चरित्रांतून फार स्पष्टपणे उभा राहतो, आणि तो केवळ रणांगणापुरता नाही.

युद्ध कशासाठी होते?

‘यादवी’ हा शब्द आपण प्रभासक्षेत्री आपापसांत लढून नष्ट झालेल्या यादवांवरून घेतला. परकी शत्रू एक दिवस आपल्या देशी परत जातो. यादवीतला शत्रू युद्ध संपल्यावरही शेजारीच राहावयाचा असतो. त्यामुळे यादवीतल्या सेनापतीला जिंकावयाचे तर असतेच, पण ज्याला जिंकले त्याच्याबरोबर नांदताही यावे, अशा रीतीने जिंकावयाचे असते. हे ध्यानात ठेवून पुढील हकिकत पाहावी.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यावयाची नाही, हे त्याच्या पक्षाचे धोरण होते. दक्षिणेची सारी संपत्ती कापसावर, आणि कापूस गुलामांच्या श्रमावर. तेव्हा एकामागून एक राज्ये संघराज्यातून फुटून निघू लागली (अखेर ती अकरा झाली), आणि १२ एप्रिल १८६१ रोजी समटर किल्ल्यावर तोफा डागून त्यांनी युद्धाला तोंड लावले. उत्तरेची लोकसंख्या सुमारे २ कोटी २० लाख, तर दक्षिणेची सुमारे ९० लाख. आणि या ९० लाखांपैकी सुमारे ३५ लाख माणसे गुलाम होती. कारखाने, आगगाड्या, जहाजे या सर्वांत उत्तरेचे पारडे जड होते. दक्षिणेला मात्र एक मोठी सोय होती. उत्तरेला दक्षिण जिंकून घ्यावयाची होती, दक्षिणेला केवळ टिकून राहावयाचे होते. उत्तरेचा जनतेचा धीर सुटला, की दक्षिणेचे काम झालेच म्हणावयाचे.

दोन घरे, दोन माणसे

रॉबर्ट ली याचा जन्म १९ जानेवारी १८०७ चा. बाप स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या हाताखाली घोडदळाचा नामांकित सरदार होता. पत्नी ही वॉशिंग्टनच्या पत्नीची पणती. थोडक्यात, व्हर्जिनियातले पहिल्या प्रतीचे खानदान. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात तो १८२९ साली वर्गात दुसरा आला, आणि चार वर्षांत त्याच्या नावावर बेशिस्तीचा एकही शेरा पडला नाही. मेक्सिकोच्या युद्धात शत्रूच्या प्रदेशातून वाटा शोधून काढण्याच्या कामी त्याने नाव मिळविले, आणि पुढे तो त्याच विद्यालयाचा प्रमुख झाला. १८६१ च्या एप्रिलमध्ये संघराज्याच्या सेनेचे नेतृत्व त्याच्यापुढे ठेवण्यात आले. व्हर्जिनिया फुटून निघत होती. आपल्या राज्याविरुद्ध तलवार उचलणार नाही असे ठरवून त्याने बत्तीस वर्षांच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि तो दक्षिणेकडे गेला.

ग्रँटचे सारेच उलट. त्याचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातल्या एका कातडी कमावणाऱ्याच्या घरी झाला. वेस्ट पॉइंटमध्ये ३९ जणांत त्याचा क्रमांक २१ वा. घोड्यावर बसण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेक्सिकोच्या युद्धात त्याच्याकडे पलटणीच्या रसदीचे काम होते. १८५४ साली, दारूच्या व्यसनाची कुजबूज चालू असताना, त्याने लष्कर सोडले. पुढची सात वर्षे म्हणजे अपयशाची मालिकाच. शेती केली, ती बुडाली. सेंट लुईच्या रस्त्यावर जळाऊ लाकूड विकले. अखेर गलीना गावी बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांबरोबर बसण्याची वेळ आली. या हलाखीतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्याकडे एक गुलाम होता. त्याला विकून चार पैसे सहज करता आले असते. ग्रँटने १८५९ साली न्यायालयात जाऊन त्याला मुक्त केले.

युद्ध सुरू झाले त्या वेळी ली याला साऱ्या देशाचे लष्कर ओळखत होते. ग्रँटला त्याच्या गावातले लोकही नीट ओळखत नव्हते.

लीचे गुण

१ जून १८६२ रोजी ली याने उत्तर व्हर्जिनियाच्या फौजेची सूत्रे हाती घेतली, तेव्हा उत्तरेची प्रचंड सेना दक्षिणेची राजधानी रिचमंड हिच्या वेशीपर्यंत आली होती. महिनाभरात त्याने तिला मागे रेटले आणि तीन महिन्यांत युद्ध वॉशिंग्टनच्या दारात नेऊन ठेवले. पहिला गुण म्हणजे धाडस. पण हे आंधळे धाडस नव्हे. समोरच्या सेनापतीचा स्वभाव ओळखावयाचा, तो कोठे कचरेल याचा अंदाज बांधावयाचा, आणि त्या अंदाजावर सर्वस्व लावावयाचे, अशी त्याची रीत होती.

चॅन्सलर्सव्हिलची लढाई हे त्याचे सर्वोत्कृष्ट उदाहरण. मे १८६३ मध्ये उत्तरेचा सेनापती हूकर याच्याजवळ सुमारे १ लाख ३० हजार माणसे होती, लीजवळ सुमारे ६० हजार. लष्करी पाठ असा, की लहान फौजेने आपले तुकडे करू नयेत. लीने ते केले, आणि एकदा नव्हे, दोनदा केले. थोडी फौज पिछाडीस ठेवून तो हूकरवर आला. मग २ मे रोजी आपला उजवा हात असलेल्या स्टोनवॉल जॅक्सनला सुमारे २८ हजार माणसे देऊन दाट जंगलातून बारा मैलांचा वळसा घालावयास पाठविले, आणि उरलेल्या मूठभर लोकांनिशी तो स्वतः हूकरच्या समोर उभा राहिला. संध्याकाळी जॅक्सन उत्तरेच्या उघड्या बगलेवर कोसळला. हूकरच्या हातून लढाई निसटली ती त्या घटकेस.

दुसरा गुण, हाताखालच्या माणसांवरील विश्वास. ली हुकूम देई ते मोघम. काय साधावयाचे ते सांगून कसे साधावयाचे हे सरदारावर सोपवी. जॅक्सनसारखा माणूस असला म्हणजे या पद्धतीला बहर येई. आणि तिसरा गुण, शिपायांच्या मनावरील पकड. अन्न अर्धपोटी, पायांत जोडे नाहीत, अशा स्थितीतही ती फौज त्याच्या शब्दाखातर उभी राहत असे. तो स्वतः बहुधा तंबूत राही. आणि चूक झाली तर ती दुसऱ्याच्या माथी मारीत नसे. गेटिसबर्गच्या लढाईत ३ जुलै १८६३ रोजी त्याने सुमारे साडेबारा हजार माणसे उघड्या मैदानातून शत्रूच्या तोफांवर धाडली. त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे मेली, जखमी झाली वा पकडली गेली. परतणाऱ्या शिपायांना सामोरे जाऊन ली हा दोष माझाच असे सांगत राहिला, आणि पुढच्याच महिन्यात त्याने आपला राजीनामा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याच्याकडे पाठविला. डेव्हिसने तो स्वीकारला नाही.

पण याच प्रसंगात त्याच्या गुणांची दुसरी बाजूही दिसते. चॅन्सलर्सव्हिलला जॅक्सन आपल्याच माणसांच्या गोळीने जखमी होऊन आठ दिवसांनी मेला होता. गेटिसबर्गला त्याच्या जागी जे सरदार होते, त्यांना ‘जमल्यास टेकडी घ्यावी’ अशा धर्तीचा हुकूम पुरेसा नव्हता. जमेल असे त्यांना वाटले नाही, त्यांनी टेकडी घेतली नाही. आणि धाडसाचीही किंमत असते. चॅन्सलर्सव्हिलच्या विजयात लीची सुमारे १३ हजार माणसे कामी आली, म्हणजे त्याच्या फौजेचा पाचवा हिस्सा. हूकरचे नुकसान १७ हजारांचे होते. पण उत्तरेला ती माणसे पुन्हा भरून काढता येत होती, दक्षिणेला नव्हती. ज्या पक्षाला केवळ टिकून राहावयाचे होते, त्या पक्षाचा सेनापती प्रत्येक विजयाबरोबर आपली शिल्लक खर्ची घालीत होता.

ग्रँटचे गुण

ग्रँटच्या आठवणींत एक साधा प्रसंग आहे. १८६१ च्या उन्हाळ्यात, नुकताच कर्नल झालेला असताना, त्याला मिसूरी राज्यात हॅरिस नावाच्या शत्रूच्या कर्नलवर चालून जाण्याचा हुकूम झाला. टेकडी चढताना त्याची छाती धडधडू लागली. मागे फिरावे असे वाटले, पण थांबण्याचे धैर्यही होईना. टेकडीच्या माथ्यावरून पाहतो तो शत्रूची छावणी रिकामी! हॅरिस आधीच पळाला होता. ग्रँट लिहितो, की आपण शत्रूला जितके भितो तितकाच शत्रूही आपल्याला भितो, हे त्या दिवशी त्याला प्रथम उमगले, आणि तो धडा तो कधी विसरला नाही. उत्तरेच्या बहुतेक सेनापतींना ली काय करील या विवंचनेने ग्रासले होते. आपण लीचे काय करावयाचे, हा ग्रँटचा प्रश्न होता.

फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने डोनेलसनचा किल्ला घेतला. किल्लेदार बकनर याने तहाच्या अटी विचारल्या, तेव्हा बिनशर्त शरणागतीखेरीज दुसरी अट नाही, असे ग्रँटने उत्तर पाठविले. हा बकनर त्याचा जुना मित्र. १८५४ साली खिशात पैसा नसताना न्यूयॉर्कमध्ये त्यानेच ग्रँटला हात दिला होता. दोन महिन्यांनी शायलोला ग्रँट स्वतः बेसावध सापडला. पहिल्या दिवशी त्याची फौज नदीच्या काठापर्यंत रेटली गेली. रात्री पाऊस कोसळत असताना शर्मन हा सहकारी त्याला भेटावयास गेला. माघारीचा विषय काढावा असे त्याच्या मनात होते. ग्रँटच्या तोंडी मात्र उद्या शत्रूला झोडपण्याचीच भाषा होती. आणि दुसऱ्या दिवशी तसेच झाले. लहानपणापासून त्याला एक खोड होती, ती त्यानेच लिहून ठेवली आहे. निघालेल्या वाटेने परत फिरणे त्याच्या जिवावर येई.

हट्टी एवढेच म्हणून ग्रँटची बोळवण करणाऱ्यांनी व्हिक्सबर्गची मोहीम पाहावी. मिसिसिपी नदीवरचे हे शहर उंच कड्यावर वसलेले, तोफांनी सज्ज. ते पडले तर दक्षिणेचे दोन तुकडे होणार. १८६२-६३ च्या हिवाळ्यात ग्रँटने कालवे खणून, दलदलीतून मार्ग काढून पाहिले. एकही उपाय चालला नाही. तेव्हा त्याने नदीच्या पश्चिम काठाने फौज खाली उतरविली, आपली जहाजे रात्रीच्या अंधारात शहराच्या तोफांसमोरून पार काढली, आणि ३० एप्रिल १८६३ रोजी शहराच्या दक्षिणेस नदी ओलांडली. मागची रसद जवळजवळ तोडून, मुलखावर पोट भरीत तो आत घुसला. एक शत्रुसेना व्हिक्सबर्गमध्ये, दुसरी जॅक्सन या शहरी जमत होती. दोघींची गाठ पडण्यापूर्वीच त्याने आधी पूर्वेकडचीला हाकलले, मग उलटून पश्चिमेकडचीला गाठले. तीन आठवड्यांच्या आत पाच लढाया झाल्या, पाचही त्याने जिंकल्या. पुढे सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर ४ जुलै रोजी सुमारे ३० हजार माणसांची फौज शरण आली. गेटिसबर्गहून लीने माघार घेतली तीही त्याच दिवशी. चॅन्सलर्सव्हिल ज्यांना अद्भुत वाटते, त्यांनी व्हिक्सबर्गला कमी लेखू नये. लिंकनला ही चाल आधी चुकीची वाटली होती. त्याने ग्रँटला पत्र लिहून ते मोकळेपणाने कबूल केले.

लढाई आणि युद्ध

मार्च १८६४ मध्ये ग्रँटला लेफ्टनंट जनरल करून साऱ्या सेनांचे आधिपत्य देण्यात आले. येथे दोघांतला खरा भेद उघड होतो. तोवर उत्तरेच्या सेना एकमेकींची वाट न पाहता आपापल्या वेळी हलत, आणि दक्षिण आपली माणसे या आघाडीवरून त्या आघाडीवर नेऊन प्रत्येकीला तोंड देई. ग्रँटने ठरविले, की सर्वांनी एकाच वेळी हलावयाचे. शर्मनने जॉर्जियात, इतरांनी आपापल्या ठिकाणी, आणि स्वतः ग्रँटने लीच्या समोर. एखादे शहर घेणे हे उद्दिष्ट नव्हे. शत्रूची फौज आणि तिचे पोट भरणारी साधने, हे उद्दिष्ट. त्याचे हुकूम साधे असत, कागदावर स्वहस्ते लिहिलेले. ते वाचून काय करावयाचे याविषयी कोणाच्या मनात संदेह राहत नसे. आगगाडी, तारायंत्र, नदीतली जहाजे, सर्व त्याच्या हिशेबात बसलेली असत. मेक्सिकोत रसद सांभाळलेला माणूस हे विसरला नव्हता, की फौज पोटावर चालते.

ली एका फौजेचा सेनापती होता आणि त्याची दृष्टी बहुतेक व्हर्जिनियावर खिळलेली असे. व्हिक्सबर्गवर संकट आले असताना आपल्यातली माणसे तिकडे पाठविण्याऐवजी उत्तरेवर स्वारी करावी, असा सल्ला त्याने दिला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की दक्षिणेच्या सर्व सेनांचे आधिपत्य त्याला फेब्रुवारी १८६५ मध्ये मिळाले, म्हणजे सर्व संपत आले तेव्हा. ली लढाई उत्तम पाहू शके. ग्रँट लढायांची माळ ज्या सूत्रात ओवली जाते ते सूत्र पाहू शके.

मे १८६४ मध्ये व्हर्जिनियाच्या जंगलात दोघांची प्रथम गाठ पडली. दोन दिवसांत ग्रँटचे भयंकर नुकसान झाले. पूर्वीचे सेनापती अशा वेळी माघारी फिरत. ७ मे च्या रात्री फौज चौरस्त्याला आली आणि ग्रँटने तोंड दक्षिणेकडे वळविले, तेव्हा थकलेल्या शिपायांनी जयघोष केला. तीन दिवसांत त्यांनी जे भोगले ते फुकट जाणार नाही, हे त्यांना त्या वळणावर समजले. पुढे कोल्ड हार्बर येथे ३ जून रोजी त्याने खंदकांवर समोरून हल्ला चढविला आणि थोड्या वेळात हजारो माणसे गमावली. तो हल्ला केल्याची खंत त्याने अखेरपर्यंत बाळगली आणि आपल्या ग्रंथात नमूद केली. त्या सहा आठवड्यांत उत्तरेची सुमारे ५५ हजार माणसे मेली, घायाळ झाली वा हरवली. वृत्तपत्रे त्याला खाटीक म्हणू लागली. पण लीचीही त्याच काळात तीस हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्याच्या फौजेच्या मानाने पाहिले तर ते नुकसान ग्रँटहून कमी नव्हते. मग जून महिन्यात ग्रँटने लीला चकवून सारी फौज जेम्स नदीपलीकडे नेली आणि पीटर्सबर्ग येथे त्याला खंदकांत अडकविले. नऊ महिने ली तेथून हलू शकला नाही. तेवढ्यात सप्टेंबरमध्ये शर्मनने अटलांटा घेतले, नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आला, आणि दक्षिणेची शेवटची आशा मावळली.

गुण कोणाच्या कामी आले?

येथवर दोघांचे गुण तोलले. आता अवघड भागाकडे वळू. आपल्या परंपरेला हा प्रश्न अनोळखी नाही. भीष्म आणि द्रोण यांच्या पराक्रमाविषयी किंवा शीलाविषयी कोणी शंका घेत नाही. तरी ते कोणाच्या बाजूने लढले, हा प्रश्न उरतोच. ली हा शिष्ट, संयमी, ईश्वरभीरू गृहस्थ होता. त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याभोवती अशी एक कथा विणली गेली, की त्याला गुलामगिरी नकोच होती, तो केवळ आपल्या मातृभूमीसाठी लढला. ही कथा कागदपत्रांपुढे टिकत नाही. सासऱ्याच्या मृत्युपत्राप्रमाणे १८५७ पासून फार तर पाच वर्षांत मुक्त करावयाचे गुलाम त्याने जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत कामास जुंपले. पळून जाताना पकडलेल्यांना त्याने फटके मारविले, अशी त्यांच्यापैकी एकाची १८६६ सालची साक्ष आहे. गेटिसबर्गच्या स्वारीत त्याच्या फौजेने पेनसिल्व्हेनियातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना धरून दक्षिणेत गुलाम म्हणून नेले.

ऑक्टोबर १८६४ मध्ये ली आणि ग्रँट यांच्यात झालेला पत्रव्यवहार तर या साऱ्याचे सार आहे. लीने कैद्यांच्या अदलाबदलीची सूचना केली. त्याला माणसांची निकड होती. ग्रँटने विचारले, आमच्या कृष्णवर्णीय शिपायांना तुम्ही गोऱ्या शिपायांप्रमाणेच परत कराल काय? जे आमच्या नागरिकांच्या मालकीचे आहेत त्यांचा अदलाबदलीत समावेश होत नाही, असे लीचे उत्तर आले. सरकार आपल्या सर्व शिपायांना सारखेच संरक्षण देण्यास बांधलेले आहे, असे सांगून ग्रँटने सूचना फेटाळली. उत्तरेच्या सेनेत तोवर कृष्णवर्णीय पलटणी उभ्या राहिल्या होत्या. युद्ध संपेपर्यंत त्यांत सुमारे १ लाख ८० हजार लोकांनी नोकरी केली. एकाने शिपाई पाहिला, दुसऱ्याने मालमत्ता पाहिली. दोघांच्या युद्धकलेची तुलना कितीही केली, तरी या एका पत्रव्यवहारावाचून ती अपुरी राहते.

यातून इतिहासाचा एक विलक्षण खेळही दिसतो. १८६२ च्या जूनमध्ये रिचमंड पडले असते, तर कदाचित संघराज्य पुन्हा जुळले असते आणि गुलामगिरी बरीचशी जशीच्या तशी राहिली असती. लीच्या पराक्रमाने युद्ध लांबले. लांबले म्हणून १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर प्रदेशातील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. जी व्यवस्था वाचविण्यासाठी ली लढला, तिची मुळे त्याच्या विजयांनीच उखडली.

शेवट कसा करावा

अखेर ९ एप्रिल १८६५ चा दिवस उजाडला. फौज वेढली गेली होती. लीच्या एका तरुण सरदाराने सुचविले, की शरण जाण्यापेक्षा शिपायांनी रानोमाळ पांगावे आणि आपापल्या राज्यात लढत राहावे. लीने ते मानले नाही. अन्नावाचून, शिस्तीवाचून हिंडणारी माणसे लुटारू होतील आणि देश कित्येक वर्षे सावरणार नाही, हे त्याने जाणले. ज्याच्या एका शब्दावर हजारो माणसे मरावयास तयार होती, त्याने तो शब्द उच्चारला नाही. माझ्या मते लीच्या साऱ्या लष्करी आयुष्यात याहून मोठा निर्णय नाही.

दुपारी मॅक्लीन नावाच्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात दोघे भेटले. ली नव्या पोशाखात, कमरेला तलवार. ग्रँटच्या अंगात साध्या शिपायाचा चिखलाने भरलेला डगला, खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या तेवढ्या. दोघे मेक्सिकोत एकदा भेटले होते. ग्रँटला ली आठवत होता, लीला ग्रँटचा चेहरा आठवेना. अटी ग्रँटने तेथेच बसून लिहिल्या. शस्त्रे खाली ठेवावी, पुन्हा न लढण्याचे वचन द्यावे आणि घरी जावे. वचन पाळीत राहतील तोवर सरकार त्यांच्या वाटेस जाणार नाही. अधिकाऱ्यांनी आपली तलवार, घोडा, सामान ठेवावे. लीने सांगितले, की आमच्या साध्या शिपायांचीही घोडी त्यांची स्वतःची आहेत. तेव्हा पेरणीसाठी ती त्यांनी घरी न्यावी, असे ग्रँटने मान्य केले. लीच्या उपाशी फौजेसाठी २५ हजार माणसांचे अन्न पाठविण्यात आले. उत्तरेच्या छावणीत आनंदाच्या तोफा सुटू लागल्या, त्या ग्रँटने बंद करविल्या. कालचे शत्रू आज पुन्हा आपले देशबंधू झाले होते. पुढे लीवर राजद्रोहाचा खटला भरण्याचे घाटत होते, तेव्हा आपण दिलेला शब्द मोडला जाणार असेल तर राजीनामा देऊ, असे ग्रँटने बजावले. खटला उभा राहिला नाही.

पण गोऱ्या शत्रूंचा समेट झाला, म्हणून यादवी संपली काय? ली १८७० साली वारला. तो एका महाविद्यालयाचा प्रमुख होता. जखमा उघड्या ठेवू नयेत म्हणून युद्धाची स्मारके उभारण्यासही त्याचा विरोध होता. मात्र मुक्त झालेल्यांना मताचा अधिकार देण्यास त्याने १८६६ साली उघड विरोध केला. ग्रँट १८६९ ते १८७७ देशाचा अध्यक्ष होता. त्याच्या कारभारात भ्रष्टाचाराची प्रकरणे झाली. पण मुक्त झालेल्यांच्या मताधिकारासाठी तो झटला आणि त्यांना छळणाऱ्या कू क्लक्स क्लानवर त्याने फौज घातली. अध्यक्षपद सोडल्यावर जगप्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईसही येऊन गेला. १८८५ साली घशाच्या कर्करोगाने ग्रासलेला असताना त्याने आपल्या आठवणी पुऱ्या केल्या आणि थोड्याच दिवसांत प्राण सोडला. पुढे मात्र मुक्त झालेल्यांचे हक्क दक्षिणेत एकामागून एक हिरावले गेले, आणि १८९० साली रिचमंडमध्ये लीचा भव्य पुतळा उभा राहिला. तो सप्टेंबर २०२१ मध्ये उतरविण्यात आला. स्मारक नको म्हणणाऱ्याचेच स्मारक एकशे एकतीस वर्षे उभे होते; कारण ते लीपेक्षा ते उभारणाऱ्यांच्या मनातल्या गोष्टीचे स्मारक होते.

सुमारे सव्वासहा लाख माणसे या युद्धात मेली असे पूर्वी मानीत. अलीकडचे अभ्यासक हा आकडा सात लाखांच्या आसपास नेतात. एवढ्या मरणातून सेनापतीचे गुण शिकावयाचे तर केवळ धाडस, युक्ती आणि चिकाटी एवढीच यादी करून उठता येत नाही. हे गुण दोघांतही होते. ते कोणाच्या कामी आले, त्यांची किंमत कोणी भरली, आणि थांबावयाची वेळ आली तेव्हा तो थांबला काय, हेही विचारावे लागते. सैन्य नसलेल्या पुढाऱ्यांनाही, संस्थांच्या आणि गावांच्या चालकांनाही, हेच प्रश्न लागू आहेत.

या युद्धाकडे मुंबईच्या बाजाराने कापसाच्या भावातून पाहिले. त्याच काळी महाराष्ट्रात आणखीही एक दृष्टी होती. युद्ध संपल्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. ते अर्पण ग्रँटला नव्हते आणि लिंकनलाही नव्हते. गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी ज्यांनी औदार्य दाखविले, त्या लोकांना होते. सात समुद्रांपलीकडच्या लढायांची नावे न घेताही, ते युद्ध कशासाठी झाले हे पुण्यात बसलेल्या त्या माणसाने अचूक ओळखले होते.